सोळा शून्यांमागचा पत्ता

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात ‘प्रॉक’ नावाचे एक फोल्डर असते. त्यातल्या फायली डिस्कवर कुठेच साठवलेल्या नसतात. कोणी फाइल उघडली की त्या क्षणी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिचा मजकूर तयार करून हाती देतो. तिथली ‘केऑलसिम्स’ ही फाइल साध्या वापरकर्त्याने उघडली, तर बहुतेक यंत्रांवर लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त ओळी पडद्यावरून धावत जातात. बहुतेक ओळींत कर्नलमधल्या एखाद्या फंक्शनचे नाव असते आणि नावाच्या आधी सोळा शून्ये. तीच फाइल ‘रूट’ने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याने उघडली की शून्यांच्या जागी खरे आकडे उमटतात. ते आकडे म्हणजे ते फंक्शन मेमरीत नेमके कुठे बसले आहे त्याचा पत्ता. फाइल एक, नावे तीच. वाचणारा कोण आहे हे पाहून कर्नल पत्ता सांगतो किंवा गिळून टाकतो.

हे लपवायचे तरी कोणापासून? बाहेरून इंटरनेटवरून दार ठोठावणाऱ्याला ही फाइल मुळात दिसतच नाही. ती दिसते आत आलेल्याला. कॉलेजच्या सामाईक सर्व्हरवर खाते असलेला विद्यार्थी, एकाच यंत्रावर शेकडो वेबसाइट ठेवणाऱ्या होस्टिंग सेवेचा एखादा ग्राहक, किंवा दुसऱ्याचा पासवर्ड चोरून शिरलेला कोणी. संगणक सुरक्षेच्या भाषेत हा ‘लोकल’ हल्लेखोर. घरात वावरायची मुभा त्याच्याकडे आहे, तिजोरीची किल्ली नाही. मराठीत ज्याला आपण घरभेदी म्हणतो, त्याच्या जवळपासचा हा माणूस. साधा वापरकर्ता ते रूट हे अंतर ओलांडणे एवढाच त्याचा खटाटोप असतो. आणि हा प्रश्न मोठ्या सर्व्हरांपुरता राहिलेला नाही. अँड्रॉइडमध्ये कर्नलच्या दृष्टीने प्रत्येक ॲप हा स्वतंत्र वापरकर्ता असतो. म्हणजे आपल्या खिशातल्या फोनमध्येही असे कितीतरी रहिवासी शेजारी शेजारी नांदत असतात, आणि ते सगळे सज्जन असतील असे कर्नलला गृहीत धरता येत नाही.

पत्त्याला एवढे महत्त्व का, हे समजून घ्यायचे तर २ नोव्हेंबर १९८८च्या संध्याकाळकडे जावे लागते. कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने त्या दिवशी एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा हा ‘मॉरिस वर्म’. पसरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक होती ‘फिंगर’ सेवा. कोणता वापरकर्ता सध्या यंत्रावर आहे हे सांगणारी ही साधी सोय. विचारणाऱ्याचा प्रश्न ठेवायला तिने मेमरीत ५१२ बाइटची जागा राखली होती, पण येणारा मजकूर त्यात मावतो की नाही हे ती तपासत नव्हती. वर्मने ५३६ बाइट पाठवले. जास्तीचे बाइट शेजारच्या जागेत सांडले, आणि त्या शेजारच्या जागेत होता परतीचा पत्ता: हे काम संपले की प्रोसेसरने पुढे कुठे जायचे, त्याची नोंद. वर्मने तिथे स्वतःच्या मजकुराचा पत्ता लिहून ठेवला. काम संपल्यावर प्रोसेसर निमूटपणे त्या पत्त्यावर गेला आणि पाहुण्याच्या सूचना पाळू लागला.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. परतीच्या जागी कोणता आकडा लिहायचा हे वर्मच्या कर्त्याला आधीच ठाऊक होते. बर्कलेचे युनिक्स चालवणाऱ्या सगळ्या व्हॅक्स यंत्रांवर मेमरीची मांडणी एकसारखी होती. एका यंत्रावर मोजलेला पत्ता हजार यंत्रांवर लागू. सन कंपनीच्या यंत्रांवर मात्र ही मात्रा चालली नाही. त्यांची रचना निराळी, आणि त्यांच्यासाठीचा मजकूर वर्मजवळ नव्हता. तिथे फिंगर सेवा कोलमडून पडायची आणि मरताना मेमरीची प्रत डिस्कवर टाकून जायची, ज्याला ‘कोअर डंप’ म्हणतात. एकाच रात्री, एकाच हल्ल्याचे दोन परिणाम. जिथे पत्ता माहीत होता तिथे शांतपणे शिरकाव. जिथे नव्हता तिथे धडपड, आवाज आणि पुरावा. पुढच्या तीस वर्षांतली एक मोठी संरक्षणविद्या या फरकातून वाढली असे मी मानतो. हल्लेखोराला अंदाज करायला लावा, कारण चुकलेला अंदाज बोंब मारतो.

हा फरक हाती यायला मात्र वेळ लागला. १९९६च्या नोव्हेंबरमध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकाच्या ४९व्या अंकात ‘अलेफ वन’ या टोपणनावाने एक लेख आला आणि स्टॅकवर, म्हणजे परतीचे पत्ते जिथे राहतात त्या मेमरीच्या भागात, मजकूर सांडून प्रोग्रॅम ताब्यात घेण्याची कला पायरी पायरीने सर्वांना खुली झाली. पुढच्याच वर्षी न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या स्टेफनी फॉरेस्ट, अनिल सोमयाजी आणि डेव्हिड ॲक्ली यांनी वेगळाच मुद्दा मांडला. शेतात एकाच वाणाचे पीक असले की एक रोग सगळे शेत झोपवतो. संगणकांचे तेच झाले आहे. लाखो यंत्रे आतून हुबेहूब सारखी, म्हणून एक युक्ती लाखोंना पुरते. तेव्हा प्रत्येक यंत्र आतून थोडे थोडे वेगळे करा, असे त्यांचे म्हणणे. जीवशास्त्रातून उचललेला हा विचार त्या काळात थोडा स्वप्नाळू वाटला असेल. आज तो आपल्या प्रत्येक फोनमध्ये राबतो आहे.

१९९८मध्ये क्रिस्पिन कोवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरेगॉनमध्ये ‘स्टॅकगार्ड’ बांधले. कोळशाच्या खाणीत पूर्वी मजूर कॅनरी पक्ष्याचा पिंजरा घेऊन उतरत. जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने सुचवलेली ही रीत. विषारी कार्बन मोनॉक्साइड माणसाला कळायच्या आत पक्ष्याला बाधतो. पक्षी कोसळला की माणसांनी बाहेर पळायचे. ब्रिटनच्या खाणींमध्ये १९८६पर्यंत हे पक्षी होते. कोवन यांनी आपल्या युक्तीला ‘कॅनरी’ हेच नाव दिले. प्रत्येक फंक्शनच्या परतीच्या पत्त्याआधी एक गुप्त आकडा ठेवायचा. सांडणाऱ्या मजकुराला परतीच्या पत्त्यापर्यंत पोहोचायचे तर वाटेतला हा आकडा तुडवावाच लागतो. फंक्शन परतण्यापूर्वी तो जागेवर शाबूत आहे का ते पाहते. बदललेला दिसला की प्रोग्रॅम जागीच थांबतो आणि ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ अशी ओळ सोडून जातो. लिनक्सवर सी भाषेत काम केलेल्या प्रत्येकाने ही तारकांमधली ओळ कधीतरी पाहिलेली असते, बहुधा स्वतःच्याच चुकीमुळे.

या कॅनरीत एक बारकावा आहे, आणि तो मला फार सुंदर वाटतो. आजच्या ६४ बिटांच्या लिनक्समध्ये या आकड्याचा पहिला बाइट मुद्दाम शून्य ठेवतात. मजकूर कॉपी करणारी सी भाषेतली नेहमीची फंक्शने शून्य आला की थांबतात. हल्लेखोराला कॅनरी कुठूनतरी कळली आणि ती जशीच्या तशी पुन्हा लिहायची म्हटली, तरी तो शून्य त्याचा हात अडवतो. तसेच एखादे फंक्शन मजकूर वाचता वाचता हद्द ओलांडू लागले, तर ते त्या शून्यापाशी थबकते आणि कॅनरी उघडी पडत नाही. आठ बाइटांतला एक बाइट गुप्ततेतून वजा केला आणि त्या बदल्यात एक कुंपण मिळाले.

कॅनरी परतीचा पत्ता राखते. पण हल्लेखोराला परतीच्या पत्त्याला हात न लावताही वाट सापडते. शिवाय स्टॅकवर आणलेला परका मजकूर चालू द्यायचाच नाही अशी सोय झाली, तेव्हा १९९७मध्ये सोलर डिझायनर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधकाने दाखवून दिले की परका मजकूर आणायचीही गरज नाही. प्रत्येक प्रोग्रॅमसोबत येणाऱ्या सी लायब्ररीतलेच एखादे ताकदवान फंक्शन बोलवायचे. चोराने हत्यार आणायचे नाही, स्वयंपाकघरातली सुरी उचलायची. फक्त ती कोणत्या खणात आहे हे माहीत हवे.

त्यावर २००१च्या जुलैमध्ये ‘पॅक्स’ या नावाने, पडद्याआड राहून काम करणाऱ्या मंडळींनी उत्तर आणले. खणच रोज बदलायचे. प्रोग्रॅम सुरू होताना त्याचा स्टॅक, त्याच्या लायब्ररी, त्याची जास्तीची मेमरी हे सगळे फासे टाकून ठरवलेल्या जागी बसवायचे. या तंत्राचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव ‘एएसएलआर’. एखाद्या गावातली घरे रोज पहाटे जागा बदलतात आणि नवी यादी फक्त पोस्टमनजवळ असते, असे समजा. पत्रे बिनचूक पोहोचतात. कालचा नकाशा घेऊन आलेला परका मात्र विहिरीत पडतो. ज्यांच्याजवळ लिनक्स आहे त्यांनी ‘प्रॉक’मधल्या ‘सेल्फ’ या फोल्डरातली ‘मॅप्स’ ही फाइल लागोपाठ दोनदा वाचून पाहावी. स्टॅकचा आणि लायब्ररींचा पत्ता दोन्ही वेळा वेगळा येतो. युनिक्सच्या घराण्यातल्या ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने २००३मध्ये हे तंत्र नेहमीसाठी चालू केले. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये ते २००५मध्ये आले, विंडोजमध्ये २००७च्या व्हिस्टासोबत, आयफोनवर २०११मध्ये.

इथे एक जुना आक्षेप दारात उभा राहतो. लपवालपवी म्हणजे सुरक्षा नव्हे, असे संगणकशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. त्याचे मूळ ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांच्या १८८३च्या फ्रेंच लेखात आहे. सांकेतिक लिपीचे यंत्र शत्रूच्या हाती पडले तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. मग पत्ते लपवणे हा या तत्त्वाचा भंग नाही का? माझ्या मते नाही, आणि हा फरक नीट धरून ठेवायला हवा. यंत्रणेत काय आहे, घरे कशी हलवतात, फासे कोणते, हे सगळे उघड आहे. लिनक्सचा प्रत्येक शब्द कोणीही वाचू शकतो. गुप्त आहे ते त्या दिवशी, त्या यंत्रावर पडलेले दान. म्हणजे मांडणीच किल्ली झाली. आणि कुलूप चुकीच्या किल्लीला नुसते नकार देत नाही, ते खडखडते.

त्या खडखडाटाकडे कोणी कान दिला नाही तर काय होते, हेही दिसले आहे. २००४मध्ये स्टॅनफर्डच्या होवाव शाकम आणि सहकाऱ्यांनी ३२ बिटांच्या लिनक्सवर चालणाऱ्या अपाची वेबसर्व्हरवर प्रयोग केला. तिथे फासे फक्त १६ बिटांचे होते, म्हणजे ६५,५३६ शक्यता. सरासरी २१६ सेकंदांत त्यांना योग्य पत्ता सापडला. कारण असे की हा सर्व्हर विनंत्या हाताळण्यासाठी स्वतःची हुबेहूब पिल्ले काढतो. पिल्लू मेले की दुसरे हजर, आणि त्याची मांडणी आईचीच. हजारो पिल्ले मरत होती आणि आई शांतपणे नवी जन्माला घालत होती. ६४ बिटांच्या यंत्रांनी शक्यता वाढवल्या. लिनक्सवर लायब्ररींसाठी नेहमीचे दान २८ बिटांचे, म्हणजे २६ कोटींहून जास्त जागा. तरीही २०१४मध्ये स्टॅनफर्डमधूनच ‘ब्लाइंड आरओपी’ नावाचे काम आले. त्यात कॅनरी एका घासात ओळखायची नसते, एकेक बाइट चाचपायचा असतो. एका बाइटला २५६ शक्यता. पिल्लू जगले तर बाइट बरोबर, मेले तर चूक. आठ बाइटांना फार तर २,०४८ प्रयत्न. चार हजारांहून कमी विनंत्यांमध्ये अनोळखी सर्व्हर त्यांच्या हाती आला.

यावरचा उपाय आधीच कोणीतरी लिहून ठेवला होता, ही गोष्ट मला मोलाची वाटते. पॅक्सला सोबत घेऊन चालणाऱ्या ‘ग्रसेक्युरिटी’ या कर्नल संरक्षणात एक सोय होती. सर्व्हरचे पिल्लू संशयास्पद रीतीने मेले, की आईला पुढचे प्रत्येक पिल्लू काढण्याआधी ३० सेकंद थांबवायचे, आणि व्यवस्थापक येऊन पाहीपर्यंत ते थांबवत राहायचे. हिशेब करून पाहा. ६५,५३६पैकी सरासरी निम्मे प्रयत्न, प्रत्येकी ३० सेकंद. २१६ सेकंदांचे काम अकरा दिवसांवर जाते. घरभेद्यासाठी तर तरतूद आणखी कडक. रूटच्या अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्रॅम कोण्या साध्या वापरकर्त्याच्या हातून असा कोसळला, तर घटनेची नोंद व्हायची, त्या वापरकर्त्याने चालू केलेल्या त्या प्रोग्रॅमच्या सगळ्या प्रती बंद व्हायच्या आणि १५ मिनिटे त्याला असा कोणताही प्रोग्रॅम चालवता येत नसे. खुद्द कर्नललाच ठेच लागली आणि ती साध्या वापरकर्त्याच्या प्रोसेसमुळे, म्हणजे चालू प्रोग्रॅममुळे, लागली, तर त्या वापरकर्त्याला यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत बंदी. संरक्षणाचा कस फाशांच्या बिटांवर मोजायची आपल्याला सवय आहे. चुकलेल्या अंदाजानंतर यंत्रणा काय करते, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

आवाज ऐकण्याच्या कलेचे सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र या सगळ्या तंत्रांच्या आधीचे आहे. १९८६च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटांची तूट आली. क्लिफर्ड स्टॉल हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. नव्यानेच संगणक विभागात आलेले. त्यांनी त्या ७५ सेंटांचा पाठपुरावा केला आणि त्यांना सापडला तो अस्सल लोकल हल्लेखोर. तो साध्या खात्यातून आत यायचा, ईमॅक्स या संपादकासोबत येणाऱ्या ‘मूव्हमेल’ प्रोग्रॅमच्या एका उणिवेचा फायदा घेऊन आपली फाइल यंत्रणेच्या फायलींमध्ये ठेवायचा आणि रूट व्हायचा. कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात अंडे घालावे तसे. स्टॉल यांच्या पुस्तकाचे नावही त्यावरूनच पडले.

तो प्रत्येक वेळी आत आला की आधी कोण जागे आहे ते पाही. चालू प्रोसेसची यादी मागवी, व्यवस्थापक दिसला तर निघून जाई. स्टॉल यांनी म्हणूनच पहारा यंत्राच्या आत ठेवला नाही. बाहेरून येणाऱ्या तारांवर त्यांनी छापणारी यंत्रे जोडली, आणि पाहुण्याचे प्रत्येक अक्षर त्याच्या नकळत कागदावर उमटत राहिले. त्याच कागदावर एक खूण सापडली. प्रोसेसची यादी मागवताना तो आज्ञेला असे एक अक्षर जोडत होता, ज्याची बर्कलेच्या युनिक्सला गरज नव्हती. ती सवय एटी अँड टीच्या युनिक्सची. म्हणजे हा इथला नव्हे. यंत्राकडे पाहता पाहता पाहणाराच दिसला.

पुढे स्टॉल यांनी आमिष मांडले. अमेरिकेच्या तेव्हाच्या अंतराळ संरक्षण योजनेच्या नावाने खोट्या फायलींचा ढीग एका बनावट खात्यात ठेवला, म्हणजे पाहुणा त्या वाचत बसेल आणि फोनचा माग लावायला पुरेसा वेळ मिळेल. माग जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला. तिथे मार्कुस हेस सापडला. आणि काही काळाने पिट्सबर्गहून प्रयोगशाळेत एक पत्र आले, त्या बनावट कागदपत्रांची मागणी करणारे. ती कागदपत्रे जगात फक्त त्या एका खात्यात होती. एका खोट्या फाइलने, ती कोणी वाचली आणि कोणापर्यंत पोहोचवली, हे दोन्ही सांगितले.

प्रोसेसची यादी दुसऱ्यांपासून लपवण्याची सोय लिनक्समध्ये यायला २०१२ उजाडले. ‘हाइडपिड’ ही ती सोय. ती चालू केली की प्रत्येकाला फक्त स्वतःच्या प्रोसेस दिसतात. अनेक जण आज्ञेच्या ओळीतच पासवर्ड लिहितात आणि ती ओळ यादीत सर्वांना वाचता येते, म्हणून याची गरज. २०१६च्या अँड्रॉइड ७पासून फोनमध्ये हीच सोय आहे. एका ॲपला दुसऱ्याचा दिनक्रम त्या यादीतून वाचता येत नाही.

आता पुन्हा त्या सोळा शून्यांकडे. प्रोग्रॅमांचे पत्ते फासे टाकून ठरू लागले तरी कर्नल स्वतः बरीच वर्षे एकाच ठरलेल्या जागी बसत होता. गूगलमधल्या कीस कुक यांच्या पुढाकाराने २०१४मध्ये लिनक्स ३.१४मध्ये कर्नलही यंत्र सुरू होताना जागा बदलू लागला, आणि २०१७च्या ४.१२पासून हे आपोआप चालू असते. जागा किती? इंटेलच्या ६४ बिटांच्या यंत्रांवर एक गिगाबाइटच्या पट्ट्यात दोन मेगाबाइटच्या पायऱ्या, म्हणजे पाचशेच्या आसपास. ग्रसेक्युरिटीचे कर्ते ब्रॅड स्पेंग्लर यांनी २०१३मध्येच यावर झोड उठवली होती. पाचशे हा आकडा लहान आहे, यात वाद नाही. पण कर्नलचा अंदाज चुकला की बहुधा अख्खे यंत्र कोसळते, आणि शांतपणे काम उरकायला आलेल्याला ते परवडत नाही. स्पेंग्लर यांचा खरा घाव दुसरीकडे होता. कर्नल स्वतःच गळका आहे. तो जागोजागी आपला पत्ता बोलून जातो.

ते खरेच होते. कर्नलच्या नोंदींमध्ये, ‘प्रॉक’मधल्या फायलींमध्ये, चुकीच्या संदेशांमध्ये पत्ते विखुरलेले होते. २०११च्या सुमारास डॅन रोझेनबर्ग यांच्या कामामुळे साध्या वापरकर्त्यापासून कर्नलची नोंदवही झाकण्याची आणि पत्त्यांच्या जागी शून्ये दाखवण्याची सोय झाली होती. तरी कर्नलच्या मजकुरात पत्ता छापणाऱ्या जागा सुमारे १४,००० होत्या. त्या एकेक करून कोण दुरुस्त करणार? २०१८च्या जानेवारीत आलेल्या ४.१५मध्ये टोबिन हार्डिंग यांच्या बदलाने मुळावरच उपाय झाला. पत्ता छापण्याचा जो सामान्य संकेत, त्याचा अर्थच बदलला. आता तो खऱ्या पत्त्याऐवजी, यंत्र सुरू झाल्यावर निवडलेल्या गुप्त किल्लीने त्या पत्त्याचा चुरा करून एक आकडा छापतो. एका पत्त्याचा चुरा त्या सत्रात नेहमी सारखाच येतो. म्हणजे चूक शोधणारा प्रोग्रॅमर ‘ही वस्तू आणि ती वस्तू एकच’ हे ओळखू शकतो. वस्तू कुठे आहे हे मात्र कोणालाच कळत नाही. इतक्या छोट्या बदलात प्रामाणिक माणसाची गरज आणि घरभेद्याची अडचण दोन्ही सांभाळल्या गेल्या, याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

तोवर धोका वेगळ्याच दिशेने आला होता. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तांत्रिक विद्यापीठात डॅनियल ग्रुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये प्रोसेसरच्या ‘प्रीफेच’ या सूचनेकडे लक्ष वेधले. अमुक पत्त्यावरचा मजकूर लवकरच लागेल, तयार ठेव, एवढेच ती सांगते. पत्ता कर्नलचा असला, हक्क नसला, तरी ती तक्रार करत नाही. निमूट सोडून देते. पण त्या पत्त्यावर खरोखर काही वसलेले असेल तर लागणारा वेळ वेगळा, ओसाड असेल तर वेगळा. हल्लेखोराने पाचशे जागा एकामागून एक विचारायच्या आणि घड्याळ पाहायचे. काही कोसळत नाही, नोंद होत नाही. अंदाज चुकला तरी आवाज होत नाही. ज्या एका गोष्टीवर सारे संरक्षण उभे होते, तीच निसटली.

२०१७च्या उन्हाळ्यात ग्राझच्या याच गटाने उपाय मांडला, ‘कायझर’ नावाने. तोवर प्रत्येक प्रोग्रॅमच्या मेमरीच्या नकाशात कर्नलचा भागही काढलेला असे, फक्त ‘प्रवेश निषिद्ध’ अशी पाटी लावून. त्यामुळे प्रोग्रॅममधून कर्नलमध्ये जाणे-येणे जलद होई. कायझर म्हणतो, पाटी नको, नकाशातून तो भागच पुसा. प्रोग्रॅम चालू असताना कर्नल नकाशावर जवळजवळ नसावाच. आत जायच्या क्षणी नकाशा बदलावा. यात वेग थोडा घटतो. नुसता कर्नलचा पत्ता झाकण्यासाठी एवढी किंमत कोण मोजणार, अशी शंका तेव्हा रास्त होती.

३ जानेवारी २०१८ला ‘मेल्टडाउन’ जाहीर झाले. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांमधल्या एका मूलभूत दोषामुळे साधा प्रोग्रॅम कर्नलची मेमरीच वाचू शकत होता. पाटी होती, पण प्रोसेसर घाईघाईत पुढचे काम उरकताना ती उशिरा वाचत होता. गूगलच्या प्रोजेक्ट झिरोतले यान हॉर्न, जर्मनीतली सायबेरस कंपनी आणि ग्राझचा हाच गट, असे तिघे स्वतंत्रपणे तिथे पोहोचले होते. आणि या दोषावरचा उपाय तयार होता. जे नकाशावरच नाही ते वाचणार कसे? पत्ता झाकण्यासाठी विणलेली चादर मजकूर वाचवायला कामी आली. लिनक्सने कायझरवरून ‘केपीटीआय’ घडवले. विंडोज आणि मॅकनेही त्याच धर्तीची व्यवस्था केली. पुढे २०२२मध्ये ‘एंट्रीब्लीड’ने दाखवले की आत जाण्यासाठी नकाशावर उरलेला छोटासा उंबरठाही प्रीफेचला पत्ता सांगून जातो.

कर्नल अजून स्वतःच्या ठेचा मोजायलाही शिकतो आहे. एकच छोटी चूक कोट्यवधी वेळा घडवून आणून कर्नलच्या आतल्या एखाद्या मोजणीचा आकडा उलटवता येतो, असे प्रोजेक्ट झिरोच्या संशोधकांनी दाखवले. त्यामुळे २०२३च्या लिनक्स ६.२पासून कर्नलला अशा दहा हजार ठेचा लागल्या की तो यंत्र थांबवतो. दहा हजार ही उदार मर्यादा आहे. ती व्यवस्थापकाला कमी करता येते, आणि सामाईक यंत्रावर करावीच.

सर्वांत पुढे गेले आहे ते थिओ डी राट यांचे ओपनबीएसडी. लिनक्सची रीत कर्नल अख्खा उचलून दुसरीकडे ठेवण्याची. घर हलले, पण आतल्या खोल्या एकमेकींपासून तेवढ्याच अंतरावर. म्हणून एका फंक्शनचा पत्ता फुटला की बेरीज-वजाबाकी करून बाकीचे सगळे सापडतात. २०१७च्या ६.२ आवृत्तीपासून ओपनबीएसडी खोल्याच विस्कटते. कर्नलचे शेकडो सुटे तुकडे डिस्कवर ठेवलेले असतात. यंत्र सुरू झाले की मागच्या मागे ते तुकडे नव्या क्रमाने, मध्ये लहान-मोठ्या फटी सोडून पुन्हा जोडले जातात, आणि हा नवा कर्नल पुढच्या खेपेसाठी तयार राहतो. कर्नल जागा करणारा जो थोडा भाग ठरलेल्या ठिकाणी असावाच लागतो, तो काम झाल्यावर मेमरीतून पुसून टाकतात. ओपनबीएसडी बसवताना शेवटी शेवटी पडद्यावर एक ओळ येते: या यंत्रासाठी वेगळा कर्नल जोडत आहे. काही सेकंद ती तशीच राहते, मग तिच्या पुढे ‘झाले’ उमटते.